डाव्या बाजूचा ब्रेक

"ह्या गाडीला अजून एक ब्रेक बसवायचाय," ताई म्हणाली.

शोरूममधल्या टायवाल्या मुलाच्या ओठांवरचं हसू जागेवर राहिलं, डोळ्यांतलं मात्र गेलं. तो माझ्याकडे वळला. आम्ही आल्यापासून तो माझ्याकडेच वळत होता. "सर, बसून बघा." "सर, डिकी बघा केवढी आहे." "सर, मॅडमना रंग आवडला ना?" मला गाडी चालवता येत नाही आणि समोर लाल फीत बांधून उभ्या असलेल्या त्या गाडीत माझी एक टाचणीही नाही, हे त्याला सांगून झालं होतं. पण त्याचं आपलं सर, सर.

"मला काय बघताय? मालकीणबाई त्या आहेत," मी म्हणालो.

"मॅडम, ब्रेक चारही चाकांना आहेत," तो ताईला लहान मुलाची समजूत घालावी तसं म्हणाला.

"चाकांचं नाही म्हणत मी. पायाखालचा. डाव्या सीटच्या पुढे अजून एक हवा."

"मॅडम, असं काही केलं तर वॉरंटी जाईल."

"जाऊ दे."

आईने माझ्या कोपराला चिमटा काढला. "काय जाईल म्हणतोय?"

"गॅरंटी."

"आणि ही जाऊ दे म्हणते? अगं, नवीकोरी गाडी घ्यायची आणि आल्या आल्या तिला भोकं पाडायची? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

ताईने फीत सोडली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि फोटोसाठी उभी राहिली. तो फोटो अजून आमच्या कपाटाच्या काचेत आहे. ताई मधोमध, हातात पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली. एका बाजूला कपाळाला आठ्या घातलेली आई, दुसऱ्या बाजूला उगाचच छाती काढलेला मी. बाबा त्यात नाहीत. ते आलेच नव्हते. "गाडी काय, घरीच यायचीय. खाली उतरून बघेन," असं म्हणून वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते.

आमच्या घरात तोवर आलेली प्रत्येक मोठी वस्तू आधी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी राहून आली होती. फ्रीज, शिलाई मशीन, ताईची स्कूटर, एवढंच काय, माझी सायकलसुद्धा. त्यामुळे नवी गाडी ही ताईची असली तरी आम्हा सगळ्यांनाच ती आपल्याला बढती मिळाल्यासारखी वाटत होती. तिच्या सीटवरचं प्लास्टिक काढायला आईने महिनाभर कुणाला हात लावू दिला नाही. आणि अशा गाडीत ताईने दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीला ड्रिल घेऊन उतरवलं.

मिस्त्री म्हणजे ताईच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या सांभाळणारा माणूस. त्याचं अर्धं आयुष्य डॅशबोर्डखाली उताणं पडून गेलेलं. त्यालाही जिवावर आलं होतं.

"मॅडम, परत विचार करा. हिची बॉडी बघा हो, अजून बोटाचा ठसासुद्धा नाही."

"बसवा तुम्ही," ताई म्हणाली.

इथे ताईबद्दल सांगायला हवं. ताई गाडी चालवायला शिकवायची. म्हणजे तिचं सगळं कामाचं आयुष्य गाडीच्या डाव्या सीटवर गेलं. उजवीकडे शिकणारा बसे आणि घाम गाळी, डावीकडे ताई बसे आणि रस्ता बघे. शिकवायच्या गाडीत डाव्या बाजूलाही ब्रेक असतो. दोन्ही ब्रेक आतून दांडीने जोडलेले, एक दाबला की दुसराही खाली जातो. गाडी थांबते, पण कुणाच्या पायाने थांबली हे आत बसलेल्यालाही नीट कळत नाही.

ह्या न कळण्यावरच ताईची सगळी विद्या उभी होती. समोर ट्रक आला की डोळे मिटून घेणारी एक दातांची डॉक्टरीण होती. गियर बदलायच्या आधी "बदलू का?" असं विचारणारे एक निवृत्त हेडमास्तर होते. असली माणसं खांबाच्या इंचभर अलीकडे थांबली की ताई म्हणायची, "छान थांबवलीत हं." थांबवलेली असायची तिनेच. पण ते ऐकून माणूस ताठ बसायचा आणि पुढच्या वेळी खरोखरच स्वतः थांबवायचा. "घाबरलेल्या माणसाला आधी शाबासकी द्यायची, चूक नंतर," असं तिचं शास्त्र होतं. घरात आम्हाला हे शास्त्र तोंडपाठ होतं. मी एकदा इस्त्री करताना शर्ट जाळला तेव्हासुद्धा ती म्हणाली होती, "छान, बाही तरी वाचवलीस."

सवय अशी की तिचा उजवा पाय कुठेही ब्रेक शोधायचा. टीव्हीवर पाठलाग चालू असला की सोफ्यासमोरच्या फरशीवर तो दाबला जाई. दूध उतू जायला लागलं की आई गॅसकडे धावे आणि ताई बसल्या जागी पाय दाबे. लग्नाचं तिचं जमलं नाही, तिने फारसं जमूही दिलं नाही. "बाजूला बसून सांभाळायचं माणूस रोज नवीन मिळतंय की मला," असं म्हणून तिने तो विषय हसण्यावारी नेला होता.

तिच्या कारकिर्दीला डाग एकच, तो मी. दोनदा शिकवून तिने हात टेकले. मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. माझ्या हाताला केसाएवढी चूक कळते, पण समोरून येणारी बस दिसली की माझे हात स्टिअरिंग सोडून थेट तोंडावर जातात. त्यामुळे नव्या गाडीत दुसरा ब्रेक बसतोय म्हटल्यावर हा सगळा घाट माझ्यासाठीच चाललाय, अशी माझी खात्री झाली होती.

बाबांचं नाव मनात आलंच नाही. बाबा आणि स्टिअरिंग ह्या दोन गोष्टी आम्ही एका वाक्यात बोलणं कधीच सोडून दिलं होतं.

बाबा एका कारखान्यात कामगारांची बस चालवत. सकाळी माणसं आणायची, संध्याकाळी सोडायची. बस कंपनीची, पण तिची पुढची काच बाबा स्वतःच्या रुमालाने पुसायचे आणि तो रुमाल आई वेगळा धुवायची. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला साधा धक्का लावला नव्हता. निवृत्तीला थोडेच दिवस उरलेले असताना एका सकाळी बस फाटकातून आत शिरली आणि थांबायच्या जागी थांबलीच नाही. ती सरळ वॉचमनच्या केबिनवर गेली. वॉचमन नेमका चहा प्यायला बाहेर गेला होता म्हणून वाचला. केबिन मोडली, बसमधल्या दोघातिघांची डोकी पुढच्या दांडीवर आपटली, एवढंच. नंतर बस तपासली. ब्रेक ठीक होता. "पाय घसरला असेल," साहेब म्हणाले. वाईट बोलले नाहीत. वय झालंय, होतं असं, म्हणाले. उरलेले दिवस बाबांना स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवलं.

त्या संध्याकाळी बाबा घरी आले, बूट काढले, आणि उजव्या पायाकडे बघत म्हणाले, "मी ब्रेक दाबला होता."

"हो," आई म्हणाली.

पण तो 'हो' जरासा उशिरा आला. फार नाही, एक श्वास जाईल एवढाच. बाबांनी वर बघितलं, मग पुन्हा पायाकडे बघितलं, आणि त्यानंतर तो विषय कधीच काढला नाही. त्या दिवसापासून कुठल्याही गाडीत ते मागे बसत, ड्रायव्हरच्या पाठीमागे, आणि बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत. समोरच्या रस्त्याकडे बघत नसत. चालताना रस्ता ओलांडायचा असला तरी आधी माझा दंड धरत. साहेबांवर त्यांचा राग नव्हता. स्वतःच्या पायावरचा विश्वास उडाला होता, हे जास्त वाईट होतं.

ब्रेक बसवून गाडी घरी आली तेव्हा ते खाली उतरले. एक फेरी मारली, टायरवर टिचकी मारली, काचेतून आत डोकावले.

"हा दुसरा ब्रेक कशाला?"

"सवय आहे," ताई म्हणाली.

"हं," म्हणून बाबा जिना चढायला लागले.

ताईने नियम केला होता. डाव्या सीटवर कुणीही बसायचं नाही, चुकून ब्रेकला पाय लागेल. त्यामुळे ताई गाडी चालवायची आणि आम्ही तिघं मागे खेटून बसायचो. शेजारची सीट रिकामी. सिग्नलला लोक आत बघायचे. ताई आमची पगारी ड्रायव्हर वाटत असणार. आईला ह्याचं फार वाईट वाटे. वाईट कसलं, पुढच्या सीटवर बसून मैत्रिणीच्या दारात उतरायचं तिचं स्वप्न त्या एका ब्रेकने अडवून धरलं होतं.

मग एका रविवारी सकाळी ताई म्हणाली, "चला सगळे, जरा फिरून येऊ." आणि तिने गाडी थेट तिच्या शिकवायच्या मैदानावर नेली. मोठं रिकामं मैदान, मधे रंगवलेले ड्रम मांडलेले, टोकाला एक विटांची भिंत. रविवारी तिथे चिटपाखरू नसे. ताईने गाडी थांबवली, उतरली, पुढून वळसा घालून आली आणि डाव्या सीटवर बसली. ड्रायव्हरची सीट रिकामी.

मी सीटमध्ये खाली सरकलो. "ताई, मी सांगून ठेवतो, मी..."

"तुला कोण विचारतंय?" ताई मागे न बघता म्हणाली. "बाबा."

बाबा बाजूच्या खिडकीतून बाहेरच बघत राहिले.

"बाबा, पुढे या."

"अगं, काहीतरीच काय!" आई म्हणाली. तिचा हात बाबांच्या गुडघ्यावर गेला होता.

"नको," बाबा म्हणाले. "नवी गाडी आहे."

"नवी आहे म्हणूनच म्हणतेय. ब्रेकसुद्धा नवे आहेत."

"आणि पाय? तो जुनाच आहे ना?"

"म्हणून तर मी इथे बसलेय." ताई आता मागे वळली. शिकवायचा तिचा जो आवाज होता, न चढणारा, त्या आवाजात ती बोलत होती. "ब्रेक दोन आहेत, बाबा. एक तुमचा, एक माझा. तुमचा नाही लागला तर माझा लागेल. काहीही होणार नाही."

आत्ता मला कळलं. वॉरंटी का घालवली, आईची बोलणी का खाल्ली, रोज आम्हाला मागे कोंबून का नेलं. खरं सांगायचं तर मला ताईचं फार कौतुक वाटलं, आणि आपल्याला चालवायला सांगणार नाहीत म्हणून बरंही वाटलं. दोन्ही एकदमच झालं.

बाबांनी गुडघ्यावरचा आईचा हात बाजूला केला. मग दार उघडलं. पुढे जाऊन बसले, सीट मागे सरकवली, आरसा हलवला. खिशातून रुमाल काढून समोरची काच पुसली. काच स्वच्छच होती.

गाडी निघाली ती इतकी अलगद की मला कळलंच नाही. ड्रमांच्या रांगेतून जाऊन वळली. पुन्हा वळली. आई डोळे मिटून बसली होती आणि माझं मनगट तिने असं धरलं होतं की बोटं बधिर झाली.

"आता त्या भिंतीकडे घ्या," ताई म्हणाली.

"भिंतीकडे कशाला?" आई ओरडली. डोळे न उघडता.

गाडी भिंतीकडे निघाली. विटा दिसायला लागल्या, मग विटांमधल्या भेगा दिसायला लागल्या. माझा स्वतःचा पाय पुढच्या सीटच्या पाठीला टेकून दाबला गेला. गाडी हळू झाली आणि थांबली. झटका नाही, काही नाही. भिंत अजून चांगली दोन हात लांब होती.

बाबांनी ताईकडे बघितलं. "तू दाबलास?"

"नाही."

"खरं सांग."

"मी नाही दाबला, बाबा. छान थांबवलीत."

झालं! ताईच्या तोंडून निघायला नको होतं तेच वाक्य निघालं. बाबा हसले. हसणं चांगलं होतं, पण हेडमास्तरांना मिळायची ती खोटी शाबासकी आपल्यालाही मिळाली, असं समजून हसल्यासारखं. "असू दे, असू दे," ते म्हणाले. "तू आहेस ना बाजूला. मग हरकत नाही."

आईने डोळे उघडले, भिंत जागेवर असल्याची खात्री केली आणि तिचा जीव भांड्यात पडला. परत जाताना ती वाटभर बोलत होती. माझ्या मनगटावर तिच्या बांगडीचा वळ उठला होता.

त्यानंतर रविवार म्हणजे बाबांचा झाला. आधी मैदान, मग मैदानाबाहेरचा रस्ता, मग बाजाराचा रस्ता. घरातली हवाच बदलली. बाबा सकाळी उठून गाडी पुसायचे, संध्याकाळी तिच्यावर कापड घालायचे आणि मधल्या वेळात मला आरशाचा कोन समजावून सांगायचे. रस्ता ओलांडताना माझा दंड धरणं त्यांनी सोडलं. पण ताई शेजारी असल्याशिवाय ते किल्लीला हात लावत नसत. कुणी "अरे वा, तुम्ही चालवता!" म्हटलं की म्हणायचे, "मी कसला चालवतो? मी नुसतं चाक धरतो. चालवते माझी लेक." आम्हीही तेच म्हणायचो. मी तर म्हणायचो की बाबा गाडीचे अध्यक्ष आणि ताई चिटणीस, सही एकाची, काम दुसऱ्याचं.

मी हे म्हणालो की ताईचा चेहरा उतरायचा. मला त्याचं कारण कळत नव्हतं.

ते एकदा कळलं. आम्ही आईला तिच्या मैत्रिणीकडे घेऊन चाललो होतो. बाबा चालवत होते. उभ्या असलेल्या टेम्पोच्या आडून एक बाई अचानक हातगाडी ढकलत पुढे आली. माझे हात सवयीप्रमाणे तोंडावर गेले. गाडी दणकन थांबली, आईची पर्स खाली पडली, आणि बोटांच्या फटीतून मला ती हातगाडीवाली दिसली. बॉनेटवर हात टेकून उभी, शिव्या देत होती, धडधाकट. इतक्या आनंदाने मी कधी शिव्या ऐकल्या नव्हत्या.

बाबांनी हँडब्रेक ओढला. "वाचवलंस गं पोरी," ते ताईला म्हणाले.

"मी काहीच केलं नाही. तुम्ही दाबलात."

"हो, हो."

"अहो बाबा, खरंच. माझा पाय उचललाही गेला नाही. तुम्ही माझ्या आधी बघितलंत तिला."

"बरं बाई, तू म्हणशील तसं," बाबा म्हणाले आणि पुढे मैत्रिणीच्या घरी चहा पिताना सगळ्यांना सांगितलं, "आज लेकीने लाज राखली."

संध्याकाळी ताई गच्चीत कपडे काढत होती. काढत कसली, ओढत होती. चिमटे उडून पडत होते.

"एवढं चिडायला काय झालं? सगळे सुखरूप आहेत ना?" मी म्हणालो.

"मी खरं सांगतेय रे. मी नव्हता दाबला."

"असेल."

"असेल? तुझाही विश्वास नाही?" तिने कपडे खाली ठेवले. "आयुष्यभर येईल त्याला छान थांबवलीत, छान थांबवलीत म्हणत आले. आता एकदा खरोखर थांबवणाऱ्या माणसाला सांगायचंय तर माझं कुणी ऐकत नाही. अरे, पहिल्या दिवसापासून मी एकदाही दाबलेला नाही. एकदाही! त्या भिंतीपाशीसुद्धा नाही."

"मग मांडी घालून बस पुढच्या रविवारी. दिसेल त्यांना."

"बसले होते. त्यांनी गाडीच सुरू केली नाही. म्हणाले, पाय खाली ठेव, मगच निघतो."

ती कट्ट्यावर बसली. तिचे डोळे भरून आले होते. "त्यांना वाटतं त्यांचा पाय त्या दिवशी घसरला. मला ते काढून टाकायचं होतं. आणि मी काय करून ठेवलं? त्यांना माझ्या पायाची सवय लावली."

मी चिमटे गोळा केले. मनातून मला तरीही वाटत होतंच की थोडासा, नकळत, सवयीने, तिचा पाय दाबला जात असणार. दुधावर ब्रेक मारणारी बाई ती. तिला तरी काय कळणार?

असंच चालू राहिलं. गाडी जुनी होत गेली. दारावर दोन ओरखडे आले. एक ताईने काढला, एक आईच्या पिशवीने. बाबांनी एकही काढला नाही. मग बाबांना संध्याकाळचं नीट दिसेनासं झालं. मीच दुकानात त्यांचे डोळे तपासायची व्यवस्था केली, चष्मा मीच बसवला, पण चष्म्यालाही मर्यादा असतात. एका रविवारी मैदानावरून परत येऊन त्यांनी गाडी लावली, हँडब्रेक ओढला, किल्ली काढून ताईच्या हातावर ठेवली.

"आता पुरे," ते म्हणाले. "भागली हौस."

कुणी त्यांना थांबवलं नव्हतं, कुणी खुर्चीवर बसवलं नव्हतं. ते आपण होऊन थांबले. तरी ताई किल्लीकडे बघत राहिली. तिला जे काढून टाकायचं होतं ते तसंच राहिलं होतं.

आईने मात्र संधी सोडली नाही. "मग ते पुढचं लचांड काढा आता एकदाचं," ती म्हणाली. "इतकी वर्षं मागे बसून माझी पाठ गेली. मला पुढे बसायचंय, पाय पसरून."

म्हणून आम्ही सगळे मिस्त्रीकडे गेलो. बाबाही आले. मिस्त्रीचे केस पांढरे झाले होते, पण शिरला तो तसाच, डॅशबोर्डखाली उताणा. आम्ही बाहेर स्टुलांवर बसलो. आतून पान्ह्याचे आवाज येत होते. थोड्या वेळाने तो ब्रेक हातात घेऊन बाहेर आला, फडक्याने पुसला, डोळ्यांजवळ नेला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मॅडम, ह्याचं पावलाखालचं रबर मधे कधी बदललं होतंत? माझ्याकडे तर आला नव्हतात."

"नाही बदललं," ताई म्हणाली.

"असं कसं होईल? तुमच्या शाळेच्या गाडीचं डावीकडचं रबर मी दरवर्षी बदलतो. पार गुळगुळीत करता तुम्ही, खालचं लोखंड दिसतं. हे बघा." त्याने ब्रेक उलटा करून दाखवला. "मी बसवलं तसं कोरं आहे. नक्षी बघा, सगळी जागेवर. बारीक दाणे असतात ना नव्या रबराला, तेसुद्धा झिजले नाहीत. वापरलंच नाही काय कधी?"

बोलून उपयोग नसतो हे ताईला एव्हाना पाठ झालं होतं. ती नुसती बाबांकडे बघत होती.

"आणि उजवीकडचं?" बाबांनी विचारलं.

"ते झिजणारच की. ते चांगलंच झिजलंय. रोजच्या वापरातलं आहे." मिस्त्री परत फडकं शोधायला लागला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

बाबांनी हात पुढे केला. मिस्त्रीने ब्रेक त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, ब्रेक अगदी जवळ धरला आणि अंगठा रबरावरून फिरवला. एकदा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पुन्हा. बोटाला ते दाणे लागत असणार. त्या बाजूने मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण मान दिसत होती, आणि ती हळूहळू वर आली.

"ती हातगाडीवाली," ते म्हणाले.

"तुम्हीच," ताई म्हणाली.

"आणि ती पहिल्या दिवशीची भिंत?"

"तुम्हीच, बाबा. सगळं तुम्हीच."

बाबांनी मान हलवली. आपल्या उजव्या पायाकडे बघितलं. कितीतरी वर्षांपूर्वी, बूट काढून दारात बसले होते तेव्हा बघितलं होतं तसंच. मग आईकडे वळले.

"अगं, त्या दिवशी मी ब्रेक दाबला होता."

"हो," आई म्हणाली.

ह्या वेळी मधे श्वाससुद्धा गेला नाही. बाबांचं वाक्य संपता संपता तिचा 'हो' आलेला होता. ताईने तोंड फिरवलं आणि गॅरेजच्या भिंतीवरचं टायरचं पोस्टर फार लक्ष देऊन वाचायला लागली. मी नाक शिंकरलं. मिस्त्रीने आमच्याकडे बघितलं, हातातल्या फडक्याकडे बघितलं आणि हे लोक जुन्या ब्रेकवरून का रडतायत हे त्याने विचारलं नाही, हे त्याचे उपकारच.

"हे भंगारात टाकू?" त्याने शेवटी बाबांना विचारलं.

"नको. असू दे माझ्याकडे."

निघताना आई पुढच्या सीटवर बसली. बसली म्हणजे स्थानापन्न झाली. चपला काढल्या, पाय पार पुढे टेकवले, दोनदा घोटे फिरवले आणि म्हणाली, "हं. आता कसं गाडीत बसल्यासारखं वाटतंय." ताईने गाडी सुरू केली. मी आणि बाबा मागे. ह्या गाडीत बाबांना पहिल्यांदाच मागे ऐसपैस जागा मिळाली होती.

बाबांनी तो ब्रेक वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर धरला होता. रस्ता गर्दीचा होता. मी सवयीने त्यांच्याकडे बघितलं, तर ते बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत नव्हते. दोन्ही सीटांच्या मधून ते सरळ समोर बघत होते. पुढे एक बस थांबायला लागली. ताईच्या आधी, अगदी किंचित, बाबांचा उजवा पाय खाली दाबला गेला.